गवत कापण्याच्या यंत्रावर वाढीव वॉरंटी घ्यावी का? अमेरिकेत पहिले घर घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

भाड्याच्या अपार्टमेंटमधून स्वतःच्या घरात राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या एप्रिलमध्येच एका नव्या कामाची ओळख होते. अपार्टमेंटमध्ये असताना गवत कोण कापते आणि केव्हा कापते याकडे आपले लक्षही गेलेले नसते. घर घेतल्यावर मात्र ते काम आपले होते आणि न्यू जर्सीसारख्या राज्यात एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत जवळपास दर आठवड्याला करावे लागते, कारण गवत फार वाढू दिले तर टाउनशिपची, म्हणजे स्थानिक नगर प्रशासनाची, नोटीस येऊ शकते आणि जिथे एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, आहे तिथे तिचे पत्र बहुधा त्याआधीच येते. उपनगरातील पाव एकराचा भूखंड म्हणजे १०,८९० चौरस फूट, आपल्याकडच्या हिशेबाने बरोबर दहा गुंठे. घर आणि ड्राइव्हवे वजा केला तरी पाच-सहा गुंठे गवत सहज उरते, आणि तेवढ्यासाठी मोअर, म्हणजे गवत कापण्याचे यंत्र, घ्यावाच लागतो.

मोअर घेऊन काउंटरवर गेले की पैसे भरण्याच्या क्षणी एक प्रश्न हमखास विचारला जातो: यासोबत प्रोटेक्शन प्लॅन (म्हणजे वाढीव वॉरंटी) घेणार का? मागे रांग उभी असते, यंत्र आपल्या माहितीचे नसते, नुकताच घरावर मोठा खर्च झालेला असतो आणि आणखी साठ-सत्तर डॉलर भरून काळजी मिटत असेल तर मिटू द्यावी असे वाटते. हा निर्णय काउंटरवर घेण्याचा नाही; तो घरी बसून, कागद समोर ठेवून, आधी घ्यायचा असतो. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. हाताने ढकलायच्या किंवा स्वतः पुढे सरकणाऱ्या साध्या मोअरवर, ट्रिमरवर (कडेचे गवत छाटायचे यंत्र) आणि ब्लोअरवर (पाने उडवायचे यंत्र) हा प्लॅन बहुतेकांनी घेऊ नये. बसून चालवायच्या राइडिंग मोअरवर, जमीन मोठी किंवा उताराची असेल तर, त्याचा गांभीर्याने विचार करावा. हे मत कशाच्या आधारावर बनले, आणि आपल्या घराच्या बाबतीत ते लागू पडते की नाही हे कसे तपासायचे, ते पुढे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी: आपण नेमके काय विकत घेत आहोत ते ओळखावे

दुकानात ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ हा शब्द सर्रास वापरला जातो, पण कायद्याच्या दृष्टीने ती वॉरंटी नसते. यंत्राच्या किमतीतच जी येते ती वॉरंटी. वेगळे पैसे भरून जो घेतला जातो तो सेवा करार. अमेरिकेतील १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा हा फरक स्पष्टपणे करतो. त्याच कायद्याखालील नियमांनुसार १५ डॉलरपेक्षा जास्त किमतीच्या वस्तूची लेखी वॉरंटी खरेदीपूर्वी ग्राहकाला वाचायला उपलब्ध असली पाहिजे. त्यामुळे वॉरंटीचा मजकूर आधी मागणे हा आपला हक्क आहे आणि त्यात संकोच करण्याचे कारण नाही. आता बहुतेक कंपन्या तो संकेतस्थळावरही ठेवतात.

भारतातून आलेल्या आपल्यासारख्यांचा इथे आणखी एक गैरसमज होतो. घरच्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रासाठी किंवा एसीसाठी आपण वार्षिक देखभाल करार, म्हणजे एएमसी घेतो. त्यात ठरलेल्या काळाने माणूस येतो, साफसफाई करतो, फिल्टर बदलतो. मोअरचा प्रोटेक्शन प्लॅन हा तसा करार नव्हे. काही प्लॅनमध्ये वर्षातून एकदा देखभालीच्या खर्चाचा थोडा भाग परत मिळतो हे खरे, पण सर्वसाधारणपणे तेल बदलणे, पाते धारदार करणे, स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर बदलणे ही कामे आपल्याच खर्चाने करावी लागतात आणि ती केली नाहीत तर पुढचा दावा नाकारलाही जातो.

दुसरी पायरी: यंत्राबरोबर आधीच किती संरक्षण मिळते ते पाहावे

घरगुती वापराच्या यंत्रांवर उत्पादकाची वॉरंटी आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच मोठी असते. इगो आणि रायोबी या बॅटरीवर चालणाऱ्या लोकप्रिय ब्रँडांच्या मोअरवर यंत्रासाठी पाच वर्षे आणि बॅटरीसाठी तीन वर्षे अशी वॉरंटी राहिली आहे. पेट्रोलवर, म्हणजे इथल्या भाषेत गॅसवर चालणाऱ्या साध्या मोअरवर दोन किंवा तीन वर्षे हे प्रमाण सर्वत्र आढळते. जॉन डिअरच्या १०० मालिकेतील राइडिंग मोअरवर दोन वर्षे किंवा १२० तास, यांपैकी जे आधी संपेल ते, अशी अट असते. मॉडेलनुसार आणि वर्षानुसार यात बदल होतात, म्हणून आपण जे यंत्र घेणार आहोत त्याच मॉडेलचा कागद वाचावा.

वाचताना काही गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. गॅसवर चालणाऱ्या यंत्रात इंजिन अनेकदा दुसऱ्या कंपनीचे असते, उदाहरणार्थ ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन किंवा कावासाकीचे, आणि त्या इंजिनची वॉरंटी ती कंपनी स्वतंत्रपणे देते. मोअरच्या वॉरंटीत इंजिन नाही असे लिहिलेले दिसले म्हणून घाबरून जाऊ नये. दुसरा कागद शोधावा. त्याखेरीज, अशा छोट्या इंजिनांच्या उत्सर्जनाशी संबंधित भागांवर फेडरल नियमांनुसार किमान दोन वर्षांची वॉरंटी द्यावीच लागते आणि त्या भागांमध्ये इंधन मोजून देणारी यंत्रणा आणि प्रज्वलनाची यंत्रणा येते. मूळ वॉरंटी एका वर्षाची असलेल्या स्वस्त यंत्राच्या बाबतीत ही तरतूद उपयोगी पडते आणि ती माहिती-पुस्तिकेत अगदी शेवटी, बारीक अक्षरांत छापलेली असते.

‘घरगुती वापर’ या शब्दांचाही अर्थ नीट लक्षात घ्यावा. शेजाऱ्याचे गवत पैसे घेऊन कापले, किंवा घरातल्या मुलाने उन्हाळ्याच्या सुट्टीत आळीतल्या चार घरांचे काम घेतले, तर तो व्यावसायिक वापर ठरू शकतो आणि अशा वापरासाठी वॉरंटीची मुदत एकदम खाली, पुष्कळदा ९० दिवसांवर येते.

यानंतर आपले क्रेडिट कार्ड तपासावे. काही कार्डे त्यांच्यावर खरेदी केलेल्या वस्तूची उत्पादकाची वॉरंटी एका वर्षाने वाढवून देतात. मूळ वॉरंटी किती वर्षांपर्यंतची असावी याला मर्यादा असते. पुष्कळ कार्डांवर ती तीन वर्षांची असते. ही सोय फुकट मिळते आणि तिच्यासाठी फक्त पावती, कार्डाचे बिल आणि वॉरंटीचा कागद जपून ठेवावा लागतो. आपल्याकडे वॉरंटी कार्डावर दुकानदाराचा शिक्का आणि सही घ्यायची पद्धत होती. इथे तारीख असलेली पावती हाच पुरावा असतो. थर्मल कागदावरची छपाई दोन-तीन वर्षांत पुसट होते, त्यामुळे पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा.

तिसरी पायरी: वाढीव मुदत खरोखर किती आहे ते मोजावे

ही पायरी लहान आहे, पण अर्ध्याहून अधिक लोकांचा निर्णय इथेच होऊ शकतो. ‘चार वर्षांचा प्लॅन’ असे म्हटले की उत्पादकाच्या वॉरंटीनंतर चार वर्षे असे वाटते. पुष्कळ प्लॅनची मुदत मात्र खरेदीच्या तारखेपासून मोजली जाते. यंत्रावर आधीच तीन वर्षांची वॉरंटी असेल तर चार वर्षांच्या प्लॅनने प्रत्यक्षात एकच वर्ष मिळते, आणि पाच वर्षांची वॉरंटी असेल तर काहीच मिळत नाही. म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: हा प्लॅन कोणत्या तारखेला सुरू होतो आणि कोणत्या तारखेला संपतो? दोन्ही तारखा करारावर पाहाव्यात.

राइडिंग मोअरच्या बाबतीत तासांची अट यात आणखी एक गुंता निर्माण करते. अर्धा एकर जमीन ४२ इंची पात्याच्या मोअरने कापायला साधारण पाऊण तास लागतो असे धरले आणि हंगामात २८ वेळा कापले, तर वर्षाला सुमारे २१ तास होतात. १२० तास पुरे व्हायला जवळजवळ सहा वर्षे लागतील, म्हणजे दोन वर्षांची मुदत आधी संपेल. त्याच मोअरने दोन एकर कापायचे असेल तर दर खेपेला तीन तास, वर्षाला ८४ तास, आणि मग १२० तास दुसऱ्या हंगामाच्या मध्यावरच संपतात. प्लॅन मात्र ‘दोन वर्षांनंतर’ सुरू होणार असेल तर मधल्या काही महिन्यांत यंत्रावर कसलेही संरक्षण राहत नाही. मोठी जमीन असणाऱ्यांनी ही गोष्ट लेखी विचारून घ्यावी.

शरद ऋतूत दुकाने उरलेले मोअर सवलतीत काढतात आणि ती खरेदी चांगली असू शकते. अशा वेळी परतीची मुदत लक्षात ठेवावी. मोठ्या दुकानांत गॅसवर चालणारी यंत्रे परत करण्यासाठी ३० दिवसांसारखी कमी मुदत असते, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस घेतलेले यंत्र खोक्यातच ठेवले तर ती मुदत गवत दिसण्यापूर्वीच निघून जाते. आणल्याबरोबर ते जोडावे, सुरू करावे आणि निदान दोन वेळा त्याने गवत कापून पाहावे.

चौथी पायरी: अशी यंत्रे कशामुळे बंद पडतात ते समजून घ्यावे

माझ्या मते सगळ्या निर्णयाचा गाभा इथे आहे. वाढीव वॉरंटी बिघाडासाठी असते असे आपण समजतो, पण करारात ‘बिघाड’ म्हणजे साहित्यातील किंवा बनावटीतील दोषामुळे झालेला बिघाड. गवत कापण्याची यंत्रे बहुतेक वेळा अशा दोषामुळे बंद पडत नाहीत. ती जुन्या इंधनामुळे, आदळल्यामुळे आणि झिजल्यामुळे बंद पडतात, आणि ही तिन्ही कारणे जवळपास प्रत्येक करारातून वगळलेली असतात.

माझा पहिला मोअर मी एका मोठ्या दुकानातून घेतला तेव्हा ७० डॉलर भरून प्लॅनही घेतला होता. शेवटच्या कापणीनंतर टाकीत अर्धी टाकी गॅस तसाच ठेवून यंत्र गॅरेजमध्ये उभे केले. पुढे तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये ते सुरूच होईना. दोरी ओढून खांदा दुखायला लागल्यावर ते दुरुस्तीच्या दुकानात नेले. कारागिराने कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनला हवा आणि इंधन मिसळून देणारा भाग, उघडून आतला पिवळसर, लाखेसारखा थर दाखवला आणि हे इंधनाचे काम आहे, प्लॅनमध्ये बसणार नाही, असे शांतपणे सांगितले. करार काढून पाहिला तर पहिल्या पानावरच ते वगळलेले होते. साफसफाईचे ११० डॉलर मी भरले आणि त्या प्लॅनचा उपयोग शेवटपर्यंत झाला नाही. चूक माझी होती, पण ही चूक घर घेतल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात बहुतेक जण करतात, म्हणून तिचे कारण सविस्तर सांगतो.

इथल्या पंपावर मिळणाऱ्या नेहमीच्या गॅसमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. दुसरीकडे, साठवलेल्या गॅसमधील हलके घटक उडून जातात आणि मागे चिकट अवशेष राहतो. मोटारीत इंधन आठवड्या-दोन आठवड्यांत संपते, म्हणून तिथे त्याचा त्रास जाणवत नाही. मोअरच्या टाकीत मात्र ते नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पडून राहते. कार्ब्युरेटरमधील छिद्रे अतिशय बारीक असल्यामुळे थोडा थरही इंधनाचा मार्ग बंद करायला पुरतो. महिनाभराहून अधिक काळ यंत्र उभे राहणार असेल तर इंधनात स्टॅबिलायझर, म्हणजे इंधन खराब होऊ न देणारे द्रव्य, टाकून इंजिन काही मिनिटे चालवावे, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते, किंवा यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीने टाकी रिकामी करावी.

त्याहून महागात पडणारी चूक पंपावरच होते. काही पंपांवर ‘अनलेडेड ८८’ नावाचा गॅस थोडा स्वस्त मिळतो. त्यात १५ टक्के इथेनॉल असते आणि तो २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींसाठी मान्य आहे; मोअर, ट्रिमर, ब्लोअर, स्नो ब्लोअर यांसाठी तो चालत नाही. तो वापरल्याने झालेले नुकसान उत्पादकाची वॉरंटीही भरून देत नाही आणि दुकानाचा प्लॅनही देत नाही.

आदळण्याची गोष्ट अशी की नव्या घराच्या अंगणात झाडाचे खोडके, वर आलेले मूळ, पाण्याच्या फवाऱ्याचे तोंड किंवा आधीच्या मालकाने रोवलेली लोखंडी सळई कुठे आहे हे पहिल्या वर्षी माहीत नसते. फिरते पाते अशा वस्तूवर आपटले की पाते वाकते आणि कधीकधी इंजिनचा मुख्य दंडच वाकतो, आणि मग यंत्र टाकून देण्याची वेळ येते. हा अपघात मानला जातो. अशा आघातानंतर यंत्र सुरूच झाले नाही तर लगेच आशा सोडू नये, कारण फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या दंडावरच्या जड चाकाला, जागेवर धरणारी एक छोटी मऊ धातूची किल्ली मुद्दाम तुटण्यासाठीच बसवलेली असते. ती तुटली की प्रज्वलनाची वेळ चुकते आणि इंजिन लागत नाही; ती किल्ली काही डॉलरांत मिळते.

झिजणाऱ्या भागांची यादी लांबच लांब असते: पाते, पट्टे, केबल, चाके, टायर, स्पार्क प्लग, फिल्टर, दोरी. ओले गवत चिकटून राहिल्यामुळे पात्यावरच्या पत्र्याच्या आवरणाला लागणारा गंजही बहुतेक करारांत वगळलेला असतो. हे सगळे बाजूला काढले की प्लॅनच्या कक्षेत उरतात ते स्टार्टर, विजेचे भाग, गिअर, ट्रान्समिशन आणि इंजिनच्या आतील भाग. त्यांतील खरे उत्पादनदोष बहुधा पहिल्या एक-दोन हंगामांतच दिसून येतात, आणि तो काळ मूळ वॉरंटीचा असतो.

पाचवी पायरी: आपल्या यंत्राचा प्रकार लक्षात घेऊन निर्णय करावा

ट्रिमर, ब्लोअर, हेज कापायचे यंत्र अशा हातात धरायच्या वस्तूंबद्दल फार विचार करण्याची गरज नाही. शंभर-दोनशे डॉलरच्या वस्तूवर तीस डॉलरचा प्लॅन घेऊ नये. या वर्गात पुष्कळदा दुरुस्तीऐवजी एकदा नवी वस्तू किंवा तेवढ्या रकमेचे गिफ्ट कार्ड दिले जाते आणि करार तिथेच संपतो.

गॅसवर चालणारा साधा मोअर हे अत्यंत साधे यंत्र आहे. त्याचे कार्ब्युरेटर, केबल, चाके हे सगळे सुटे भाग सहज मिळतात आणि स्क्रूड्रायव्हर धरता येणारा कोणीही त्यांतील अर्धे काम करू शकतो. यावर प्लॅन घेण्याची गरज मला दिसत नाही.

बॅटरीच्या मोअरचा प्रश्न वेगळा आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ नंतर उत्पादित होणाऱ्या लॉनच्या यंत्रांच्या नव्या छोट्या इंजिनांना शून्य उत्सर्जनाची अट लागू झाली आहे, त्यामुळे तिथे घर घेणाऱ्यांपुढे व्यवहारात हाच पर्याय आहे. इतर राज्यांतही अनेक आपली माणसे आवाज आणि वास नको म्हणून तोच घेतात. यात इंधनाचा त्रास नाही, पण दोन भाग महाग असतात: एक बॅटरी, जी मोठ्या क्षमतेची असेल तर कित्येक शे डॉलरची असते, आणि दुसरा नियंत्रक, म्हणजे मोटर चालवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट. प्लॅन घेण्याचा विचार असेल तर करारात ‘बॅटरी’ हा शब्द शोधावा. बॅटरी ही उपभोग्य वस्तू म्हणून वगळलेली असेल तर प्लॅनचा अर्थच उरत नाही. ती समाविष्ट असली तरी ती पूर्ण बंद पडल्यावरच मिळणार, की तिची क्षमता अमुक टक्क्यांच्या खाली गेल्यावरही मिळणार, हे पाहावे. वर्षागणिक थोडी क्षमता कमी होणे ही सामान्य झीज धरली जाते. बॅटरी फार काळ पूर्ण भरलेली ठेवू नये, आणि गोठणबिंदूखालच्या थंडीत चार्ज करू नये. हिवाळ्यात ती गॅरेजमधून काढून घरात आणून ठेवणे हा तिचे आयुष्य वाढवण्याचा बिनखर्चाचा उपाय आहे.

राइडिंग मोअर आणि झीरो-टर्न (जागच्या जागी वळणारा) मोअर यांच्या बाबतीत माझे मत बदलते. ही यंत्रे दोन-तीन हजार डॉलरपासून पुढे मिळतात आणि त्यांत हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन असते, म्हणजे तेलाच्या दाबावर चाकांना गती देणारी यंत्रणा. कमी किमतीच्या अनेक मॉडेलांत हे ट्रान्समिशन सीलबंद असते. तेल काढण्यासाठी त्याला बूचही नसते. सपाट अर्धा एकर जमिनीवर ते वर्षानुवर्षे चालते. चढ-उताराच्या जमिनीवर, त्यात मागे गाडी ओढायला लावली, तर तेल तापते आणि काही हंगामांनंतर यंत्र चढावर दमल्यासारखे थांबू लागते. ट्रान्समिशन बदलायचे म्हटले तर मजुरीसह खर्च यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही पुढे जाऊ शकतो. इलिनॉयमधील माझ्या एका मित्राची दीड एकर उताराची जमीन आहे. चौथ्या हंगामात त्याच्या मोअरचे ट्रान्समिशन गेले आणि त्याने घेतलेल्या प्लॅनने पूर्ण खर्च दिला. त्याने तो प्लॅन विचार करून, जमीन बघून घेतला होता, आणि मी त्याच्या जागी असतो तरी घेतला असता.

सहावी पायरी: कागदावर हिशेब मांडावा

हिशेबाची रीत सोपी आहे. प्लॅनच्या किमतीला, वाढीव काळात होऊ शकणाऱ्या आणि करारात बसणाऱ्या दुरुस्तीच्या खर्चाने भागावे. येणारा आकडा म्हणजे तो बिघाड होण्याची शक्यता निदान किती असली पाहिजे, म्हणजे पैसे वसूल होतील.

समजा मोअर ४५० डॉलरचा आहे, वॉरंटी तीन वर्षांची, प्लॅन खरेदीपासून चार वर्षांचा आणि किंमत ७० डॉलर. खरी वाढीव मुदत एका वर्षाची. करारात बसणारी सरासरी दुरुस्ती १५० डॉलरची धरली तर ७० भागिले १५०, म्हणजे सुमारे ४७ टक्के. त्या एकट्या चौथ्या वर्षात यंत्र बिघडण्याची, आणि तेही वगळलेल्या कारणांनी नव्हे, शक्यता जवळपास निम्मी असेल तरच प्लॅन परवडेल. सांभाळून वापरलेल्या मोअरच्या बाबतीत असे होत नाही.

आता समजा राइडिंग मोअर २,८०० डॉलरचा आहे, वॉरंटी दोन वर्षांची, आणि पुढच्या तीन वर्षांचा प्लॅन ४२० डॉलरचा. ट्रान्समिशनचे काम ११०० डॉलरचे धरले तर आकडा ३८ टक्के येतो. शिवाय विजेवर चालणारा क्लच, स्टार्टर अशा मधल्या खर्चाच्या दुरुस्त्याही त्यात येतात, म्हणून प्रत्यक्षात लागणारी शक्यता आणखी कमी होते. सपाट अर्ध्या एकरावर तीही जास्तच आहे. दोन एकर उतारावर ती वास्तवापासून फार दूर नाही.

या हिशेबाला एक बाजू अशीही आहे की जी आकड्यांत येत नाही. अकराशे डॉलरचा अचानक खर्च आपल्या घरच्या अर्थव्यवस्थेला कितपत सोसवेल? नुकतेच डाउन पेमेंट भरलेले असेल, घरात एकाचाच पगार येत असेल, तर थोडे जास्त पैसे देऊन निश्चितता विकत घेणे ही चूक नाही. सत्तर डॉलरच्या निर्णयाला मात्र हा विचार लावू नये, कारण दीडशे डॉलरची दुरुस्ती बहुतेकांना सोसवते.

सातवी पायरी: घ्यायचेच ठरले तर करार पूर्ण वाचावा

दुकान फक्त प्लॅन विकते. पैसे देण्याची जबाबदारी पुष्कळदा दुसऱ्याच कंपनीची असते. करारात ‘जबाबदार पक्ष’ कोण आहे ते शोधावे, आणि त्याच्या मागे विमा कंपनी आहे का ते पाहावे. अनेक राज्यांच्या कायद्यांनुसार अशी कंपनी बुडाली तर ग्राहकाने थेट त्या विमा कंपनीकडे दावा करावा अशी सोय असते. पाच वर्षांच्या कराराचा विचार करताना हे महत्त्वाचे आहे, कारण या धंद्यातही मोठे बदल होतात: होंडाने २०२३ मध्ये अमेरिकी बाजारासाठी मोअर बनवणे थांबवले, आणि ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ती नव्या मालकाकडे गेली.

त्यानंतर दुरुस्ती कुठे होणार ते विचारावे. तीनशे किलो वजनाचा झीरो-टर्न मोअर चाळीस मैलांवरच्या अधिकृत दुकानात न्यायचा असेल तर ट्रेलर भाड्याने घ्यावा लागतो किंवा दुकानाला नेण्या-आणण्याचे पैसे द्यावे लागतात. घरी येऊन दुरुस्ती करणारा प्लॅन थोडा महाग असला तरी राइडिंग मोअरसाठी तोच घ्यावा. मे महिन्यात दुरुस्तीच्या दुकानांत आठवडेच्या आठवडे यंत्रे पडून असतात आणि गवत तर थांबत नाही, म्हणून किती दिवसांत काम करून देण्याचे बंधन आहे हेही पाहावे. दर दाव्यामागे आपल्याला काही रक्कम भरावी लागते का, एकूण भरपाईला कमाल मर्यादा किती आहे, तीन वेळा तोच भाग बिघडला तर नवे यंत्र मिळते का, आणि यंत्र विकले तर करार नव्या मालकाच्या नावावर होतो का, या चार प्रश्नांची उत्तरेही करारातच मिळतात.

दुकानदार किंवा दुरुस्तीवाला जर म्हणाला की तेल आमच्याकडूनच बदलले नाही तर वॉरंटी जाईल, तर ते मान्य करण्याची गरज नाही. तेल किंवा फिल्टर फुकट पुरवला जात नसेल तर केवळ दुसऱ्या कंपनीचा वापरला, किंवा काम घरी केले, एवढ्याच कारणाने उत्पादकाला वॉरंटी नाकारता येत नाही, असे मॅग्नसन-मॉस कायदा सांगतो. त्या दुसऱ्या भागामुळेच नुकसान झाले असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून घरी केलेल्या देखभालीची नोंद ठेवावी: तारीख, यंत्राचे तास, काय बदलले, आणि तेलाच्या बाटलीची पावती.

आठवी पायरी: घेतला नाही तर काय करावे, आणि घाईत घेऊन बसला असाल तर काय करावे

प्लॅनचे पैसे वाचवले तर ते वेगळ्या खात्यात किंवा पाकिटात ‘मोअर’ असे लिहून ठेवावेत. दर वसंतात पात्याला धार, नवा स्पार्क प्लग, एअर फिल्टर आणि तेल, एवढे स्वतः केले तर खर्च तीस-चाळीस डॉलरच्या आत येतो. पात्याला हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगची वायर काढावी, आणि बॅटरीचे यंत्र असेल तर बॅटरी बाहेर काढावी, हे मात्र कधीही विसरू नये. शेवटच्या कापणीनंतर गॅसची व्यवस्था वर सांगितल्याप्रमाणे करावी, पात्याच्या आवरणाखालचे चिकटलेले गवत खरवडून काढावे आणि यंत्र कोरडे करून ठेवावे.

काउंटरवर घाईत प्लॅन घेऊन झाला असेल तरी वेळ गेलेली नसते. अनेक राज्यांत सेवा करार मिळाल्यानंतर ठरावीक दिवसांत, सामान्यतः दहा ते वीस दिवसांत किंवा त्याहून जास्त, दावा केलेला नसेल तर तो रद्द करून पूर्ण पैसे परत मागता येतात. त्यानंतरही उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात, थोडे शुल्क कापून, रक्कम परत देण्याची तरतूद बहुतेक करारांत असते, आणि यंत्र विकताना किंवा मोडीत काढताना तिचा उपयोग होतो. रद्द करण्याची विनंती फोनवर न करता लेखी, ईमेलने किंवा पोस्टाने करावी, तिच्यात कराराचा क्रमांक आणि खरेदीची तारीख लिहावी आणि पावतीचा फोटो जोडावा.